शंभरपर्यंत येतं, पण चार चमचे?

‘आमची शंभरपर्यंत म्हणते हं!’ नर्सरीच्या प्रवेशाचे दिवस आले की पुण्यातल्या शाळांच्या फाटकापाशी हे वाक्य हमखास कानावर पडतं. अशा पालकांना एक सुचवावंसं वाटतं. घरी जाऊन लेकीला म्हणा, स्वयंपाकघरातून चार चमचे आण. घडाघडा शंभर गाठणारी कितीतरी मुलं अशा वेळी मूठभर चमचे घेऊन येतात. यात त्यांचं काही चुकत नाही. त्या वयात वन-टू-थ्री ही शुभंकरोतीसारखी चालीवर पाठ झालेली असते, इतकंच.

मोजणं ही निराळी गोष्ट आहे. एका वस्तूला एकच आकडा द्यायचा, एकही वस्तू गाळायची नाही आणि शेवटी तोंडून निघालेला आकडा हा शेवटच्या वस्तूचा नसून सगळ्यांचा मिळून आहे, हे उमगायचं. रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये या गोष्टी सुट्या करून मांडल्या. पुढच्या संशोधनात दिसलं, की दहापर्यंत म्हणता येणाऱ्या मुलालाही ‘मागितले तेवढे’ नेमके देता यायला वर्षभर, कधी त्याहून जास्त लागतं.

पर्वतीच्या पायथ्याच्या एका वस्तीतल्या बालवाडीत हे अगदी जवळून पाहायला मिळालं. खाऊची वेळ. ताईंनी चार वर्षांच्या एका पोराला पुढं बोलावलं. ‘तुझ्या ओळीला लाडू द्यायचेत. मोज बरं सगळ्यांना.’ तो एकेका डोक्यावर हात ठेवत निघाला. तोंड हाताच्या पुढं पळत होतं, त्यामुळं सहाव्या डोक्याशी पोचेपर्यंत ‘सात’ झालं. ताई काही बोलल्या नाहीत. त्यानं डब्यातून सात लाडू घेतले, वाटले, एक उरला. ‘हा कुणाचा रे?’ ‘माझा!’ ‘मग बसलेली किती होती?’ पोरगा पुन्हा पहिल्या डोक्यापासून सुरू झाला, या वेळी सावकाश. ‘...पाच, सहा.’ मग स्वतःच्या छातीवर हात. ‘आणि मी सात.’

वर्कशीटवर सहा सफरचंदं छापलेली असतात आणि शेजारी ठिपक्यांचा ६ गिरवायचा असतो. तिथं सफरचंद कधी उरत नाही की कमी पडत नाही. मग पुन्हा मोजायचं कशाला?

खऱ्या वस्तू हाताळत शिकणं महाराष्ट्राला नवं नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ, मूळच्या आपल्या पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या, त्यांच्यासोबत होत्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडला गेलं. माँटेसरीची महागडी साधनं आदिवासी पाड्यावर कुठून आणणार? त्यांनी बिया, खडे, शिंपले, पानं घेतली. अंगणवाडीची कल्पना तिथलीच. आज काही हजारांची फी भरून आपण प्लॅस्टिकचे मणी घेतो.

‘मग नुसतं खेळू द्या की,’ असं म्हणणारी प्रयोगशील मंडळीही पुण्यात बरीच आहेत. त्यांच्यासाठी २०१७ चा एक अभ्यास. दिल्लीतल्या २१४ बालवाड्यांत ‘प्रथम’ या संस्थेच्या मदतीनं १,५०० हून अधिक मुलांवर तो झाला. अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो संशोधकांपैकी एक. गणिती खेळ खेळलेल्या मुलांचा प्रमाणाचा आणि आकारांचा अंदाज सुधारला, वर्षभरानंतरही टिकला. पण शाळेतल्या लिहिलेल्या आकड्यांच्या गणितात त्याचा टिकाऊ फायदा दिसला नाही. खेळ आणि पाटी यांच्यामधला पूल मूल आपणहून बांधत नाही, तो कुणीतरी बांधून द्यावा लागतो. त्या बालवाडीतल्या ताईंनी खाऊनंतर पाटीवर सात ठिपके काढले आणि शेजारी ७. मला त्यांचं खरं कसब तिथं दिसलं.

हा पूल मराठीत जरा जास्तच अवघड. पंचवीस म्हणताना पाच आधी, लिहिताना दोन आधी. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असं वाचन आलं, तेव्हा गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर हीच अडचण सांगत होत्या. आपण मात्र विनोद करण्यात रमलो. जुनी नावं मलाही प्रिय आहेत, ती जाऊ नयेत. पण मग चार वर्षांच्या मुलाकडून शंभर नावांची घाईही नको. बालवाडीत वीसपर्यंत पक्कं झालं तरी माझ्या मते पुष्कळ.

शेवटी सगळं येऊन ठेपतं ताईंवर. अंगणवाडी सेविकेला मुलांची वजनं घ्यायची असतात, मोबाईलमधल्या पोषण ट्रॅकरवर नोंदी करायच्या असतात, गृहभेटी असतात, आहारवाटप असतं, मध्येच एखादं सर्वेक्षण येतं. तिला मदत म्हणून खेळण्यांच्या पेट्या पाठवल्या जातात. वाटपाचा फोटो चांगला येतो. मणी हरवले तर भरून कोण देणार, म्हणून पेटी कपाटात आणि कपाटाला कुलूप, असंही पाहिलं आहे. महिला व बालविकास विभागानं आणखी पेट्या धाडण्याऐवजी सकाळचे दोन तास ताईंचा मोबाईल बाजूला ठेवायची मुभा द्यावी, नोंदी दुपारी होतील. चिंचोके आम्ही गोळा करून देऊ.