मागच्या सीटलाही मत असतं!

मुलगा नोकरीला लागतो, किंवा पर्यटकांच्या हंगामात घरची कॉटेजं जरा बरी चालतात, की आमच्या नागाव-चौलकडच्या घरांत हमखास एक विषय निघतो. "ही स्प्लेंडर आता काढून टाकू. जरा दणकट, लांबच्या प्रवासाची स्पोर्टी गाडी घेऊ." मग सीसी किती, पिकअप कसा, ॲव्हरेज काय, हप्ता किती याची चर्चा रात्रीच्या जेवणापर्यंत रंगते. मागे कोण बसणार, हे मात्र कुणी विचारत नाही. आणि मागे बसणार असतो आपण!

पोरांना वाटतं त्यात नवल नाही. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या मोटारसायकलींचे ताफे आक्षी, नागाव, रेवदंडा करत काशीद-मुरूडकडे जातात. मार्च 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, तेव्हापासून गाड्या बोटीतूनही येतात. हौसेला मोल नसतं, हे खरंच. पण घरची एकुलती एक गाडी बदलायची असेल, तर ती हौस घराला पेलायला हवी.

मराठी घरांतली दुचाकी आधी संसाराची होती. आकुर्डीत 1972 पासून बनू लागलेली बजाजची चेतक काय, किंवा 1994 साली आलेली हीरो होंडाची स्प्लेंडर काय. सीट लांब आणि सपाट, चालवणाऱ्याची पाठ सरळ, मागे धरायला दांडी. भाजीची पिशवी, सुपारीचं पोतं, सासूबाई, सगळ्यांना जागा. 2001 साली पल्सर आली, 2003 साली करिझ्मा, आणि तरुणांची आवड बदलली. पुढे पुढे सीटचे दोन तुकडे झाले, मागचा तुकडा उंच आणि चिंचोळा झाला.

नव्या गाड्यांत गुणही आहेत, ते मान्य केलेच पाहिजेत. हायवेवर दोनशे किलोमीटर जायचं तर त्या स्थिर धावतात, इंजिन दमत नाही. एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस सक्तीचं आहे, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जागीच जाम होऊन गाडी घसरण्याचा धोका कमी होतो. पण आपलं रोजचं जाणं-येणं हायवेवर कुठे असतं? वाड्यांमधून गेलेला अरुंद रस्ता, वळणावर वाळू, पावसाळ्यात ओला पालापाचोळा, समोरून एसटी. स्प्लेंडरचं वजन साधारण 110 किलो. 2016 च्या अखेरीस आलेल्या डॉमिनार 400 सारखी गाडी 180 किलोच्या वर जाते. पुढे झुकून बसायचं म्हटलं की हळू चालवताना सगळा भार मनगटांवर येतो. अशी गाडी गल्लीत वळवताना चालवणाऱ्यालाच घाम फुटतो, मग मागच्या बाईची काय कथा!

तिची कथा अशी. सीट पुढे उतरती, त्यामुळे ब्रेक लागला की ती चालवणाऱ्याच्या पाठीवर आदळते. धरायला काही नाही. साडी नेसून एका बाजूला बसणं तर जिवावरचंच. पदर किंवा ओढणी चाकात गेली की काय होतं, हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको. म्हणून तर केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 123 आहे. मागे बसणाऱ्याला धरायला पक्की पकड, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारं संरक्षण, हे सगळं त्यात सांगितलेलं आहे. "लूक जातो" म्हणून साडीगार्ड काढून टाकायची टूम निघते. लूक जाईल, पण जीव तर राहील!

खरं नुकसान याहून मोठं आहे, आणि ते दिसत नाही. "मला त्या गाडीवर बसता येत नाही" असं बाई सहसा म्हणत नाही. ती नुसती जाणं कमी करते. अलिबागचा दवाखाना पुढच्या आठवड्यावर जातो, माहेरचं हळदीकुंकू चुकतं, बचत गटाच्या बैठकीला मिनीडोरची वाट बघत उशीर होतो. गाडी मोठी झाली आणि बाईचं जग लहान झालं, अशी ही गत.

म्हणून मैत्रिणींनो, शोरूममध्ये तुम्हीही जा. रोज जे कपडे घालता त्यातच जा. मागे बसून बघा, पाय टेकतात का, हात धरायला काय आहे ते पाहा. साडीगार्ड आणि पकड बसवून द्या असं स्पष्ट सांगा. आपल्याच रस्त्यावर एक फेरी मारल्याशिवाय होकार देऊ नका. लांब जाताना पंजाबी ड्रेस घालून दोन्ही बाजूंना पाय टाकून बसा. हेल्मेट दोघांनाही लागतं, मागचीलासुद्धा. कायदा तेच सांगतो.

खर्चही विचारा. सप्टेंबर 2025 मध्ये 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, त्याहून मोठ्या गाड्यांवर मात्र तो 40 टक्के झाला. 2022 मध्ये ठरलेल्या दरांनुसार थर्ड पार्टी विमा 75 ते 150 सीसीला वर्षाला 714 रुपये, तर 350 सीसीच्या वर 2,804 रुपये. टायर आणि पेट्रोल वेगळंच.

आणि जमत असेल तर जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये देऊच नका. तिच्यावर तुम्ही शिका! हलकी, बुटकी, सरळ बसायची, शिकायला याहून चांगली गाडी नाही. फक्त गिअरच्या गाडीचं लायसन्स काढा, विनागिअरचं चालत नाही. पुण्यात 2011 साली 'बायकर्णी' हा महिला मोटारसायकलस्वारांचा गट उभा राहिला. रमिला लटपटे 2023 साली नऊवारी नेसून मोटारसायकलवरून जगप्रवासाला निघाल्या. आपल्याला एवढं लांब नको, अलिबागच्या बाजारापर्यंत स्वतःच्या हाताने जाता आलं तरी पुष्कळ आहे.

त्याला हौसेची गाडी जरूर घेऊ दे. पण हप्ता घरातून जाणार असेल, तर मागच्या सीटचं मत आधी घ्यायचं. ते मत मोठ्याने सांगायची सवय मात्र आपल्यालाच लावून घ्यावी लागेल.