एक ते चारच्या गावातली सुट्टी

डिसेंबर अर्धा सरला की पुण्यात एक प्रश्न क्रियापदाशिवाय विचारला जातो : ‘मग, कुठे?’ लिफ्टमध्ये, ऑफिसात डबा खाताना, सोसायटीच्या गेटवर. महाबळेश्वर, दापोली, गोवा, गेला बाजार मुळशीकडचं एखादं फार्महाउस, काहीही सांगितलं तरी गप्पा सुरळीत पुढे सरकतात. ‘घरीच’ म्हटलं की त्या अडखळतात. आणि ‘घरीच, एकटाच, बाकीचे जाताहेत’ असं म्हटलं, तर समोरचा आवाज खाली आणून विचारतो, ‘सगळं ठीक आहे ना?’ नाताळ ते एकतीस डिसेंबर हा आठवडा स्वतःच्या घरात एकट्याने, कसलाही बेत न करता घालवणारा माणूस आपल्याला एक तर चिक्कू वाटतो, नाही तर दुःखी. तो दोन्ही नसू शकतो, हे आपल्या ध्यानातच येत नाही. कारण ज्या सुट्टीची पावती नाही, तिला सुट्टी मानणं आपण सोडून दिलं आहे.

हे पुण्यात घडावं, यात गंमत आहे. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवणारं गाव म्हणून उभ्या महाराष्ट्राने पुण्याची टिंगल केली. पण ‘एक ते चार बंद’ या पाटीमागे एक ठाम समजूत होती : गिऱ्हाईक पायरीवर उभं असलं तरी मालकाची वामकुक्षी मोडायची नाही. जेवण, घरची सतरंजी आणि लावलेलं दार. विश्रांतीला याहून जास्त सामग्री लागत नाही, असं हे गाव मानत होतं. २०१७ मध्ये चितळे बंधू मिठाईवाल्यांनीही दुपारची सुट्टी बंद केली आणि एक ते चार हा विषय विनोदापुरता उरला. धंद्याच्या हिशेबाने ते योग्यच होतं. मात्र त्याच काळात विश्रांती ही घरात घ्यायची गोष्ट न राहता बाहेर जाऊन विकत आणायची गोष्ट झाली. सरकारी नियमांचं वळणही तेच. रजा प्रवास सवलतीवर जुन्या करप्रणालीत करमाफी मिळते ती चार वर्षांच्या गटात दोन प्रवासांना, तीही भाड्यापुरती. तिकीट काढलं तर माफी, गॅलरीत खुर्ची टाकून बसलात तर नाही. करोनाने प्रवास थांबवला तेव्हा, ऑक्टोबर २०२० मध्ये, केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांना या सवलतीऐवजी रोख रक्कम देऊ केली. अट अशी की भाड्याच्या रकमेच्या तिप्पट खरेदी करायची, बारा टक्के किंवा त्याहून अधिक जीएसटी असलेल्या वस्तू-सेवांची, आणि पैसे डिजिटल मोजायचे. बाजारातली मागणी वाढवणं हा हेतू उघड होता. त्यात लपवाछपवी नव्हती. तरीही घरी बसलेल्याला सवलत मिळाली ती काही तरी विकत घेतल्यावरच.

बरं, खर्च करून, लांब जाऊन विश्रांती तरी पदरात पडते का? नेदरलँड्समधल्या १,५३० प्रौढांची एक पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातले ९७४ जण सुट्टीत फिरायला गेले होते. निघण्याआधी हे लोक घरी राहणाऱ्यांपेक्षा अधिक आनंदात होते. बेत आखण्यातली मजा ती. परतल्यावर मात्र बहुतेकांच्या आणि घरी राहिलेल्यांच्या आनंदात फरक उरला नाही. सहल अतिशय निवांत झाली असं सांगणाऱ्यांनाच थोडा फायदा जाणवला. म्हणजे अट निवांतपणाची होती, अंतराची नव्हे. ही अट घेऊन वर्षअखेरच्या शनिवारी कोथरूडहून महाबळेश्वरला निघून पाहा. खंबाटकीत रांग, पसरणी घाटात रांग, वेण्णा तलावाशी गाडी लावायला रांग आणि मागच्या सीटवरून दर दहा मिनिटांनी ‘अजून किती?’ त्याच सकाळी रिकाम्या घरात दुधाची एकच पिशवी आलेली असते. चहा एका कपाचा. नऊच्या सुमारास गॅलरीत ऊन उतरतं. ते सरकेल तशी खुर्ची सरकवायची, एवढाच काय तो दिवसाचा कार्यक्रम. दुपारी मुगाची खिचडी, तीही पातेल्यातूनच खाल्ली तरी विचारणारं कोणी नसतं.

यावर पहिली हरकत एकाकीपणाची, आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ च्या अहवालात जगातल्या दर सहा माणसांपैकी एकाला एकाकीपणा छळतो असं म्हटलं. अमेरिकेतला २०१४ चा एक प्रयोगही प्रसिद्ध आहे : पंधरा मिनिटं नुसतं विचार करत एकटं बसायचं, सोबत विजेचा सौम्य झटका देणारं बटण. अठरापैकी बारा पुरुषांनी आणि चोवीसपैकी सहा बायकांनी कंटाळून स्वतःलाच झटका दिला. पण त्या खोलीत ना पुस्तक होतं, ना फोडणी घालायला कढई. आणि मुख्य म्हणजे ती खोली त्यांची नव्हती. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात १७८ प्रौढांनी एकवीस दिवस नोंदी ठेवल्या. एकांत जास्त घडलेल्या दिवशी लोकांना एकटेपणा अधिक जाणवला, पण ताण कमी झाला आणि आपल्या मर्जीने जगल्याची भावना वाढली. एकांत स्वतः निवडलेला असेल, तर त्याचा त्रासही घटला. सगळा फरक या निवडीत आहे. दिवाळीत मेस बंद झाल्यावर सदाशिव पेठेतल्या खोलीत बिस्किटांवर दिवस काढणाऱ्या स्पर्धा परीक्षेच्या मुलाला एकांत नको असतो, वरणभात हवा असतो. मुलं परदेशी असलेल्या आजोबांनी घरी राहायचं ठरवलेलं नसतं, ते राहून गेलेले असतात. अशांची काळजी जरूर करावी. पण त्यांच्यासाठी असलेली कीव हौसेने घरी थांबलेल्याच्या माथी मारू नये.

दुसरी हरकत अधिक वजनाची : घरी राहून सुट्टी मिळते ती कोणाला? २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीप्रमाणे बिनपगारी घरकामात भाग घेणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ८८ मिनिटं. सगळं कुटुंब सुट्टीला घरी असलं की घरातल्या बाईच्या वाट्याला मटार सोलणं आणि वाढीव चहाच येतो. म्हणून सहलीत आयतं ताट समोर येणं ही तिची खरी सुटका असते, हे मान्यच करायला हवं. मात्र इथे आडवं येतं ते घर नव्हे, घरातली माणसं आणि त्यांच्या अपेक्षा. आपल्याकडे ही वाटणी जुनीच आहे. बायको माहेरी गेली की नवऱ्याला आपसूक रिकामं घर मिळायचं आणि त्यावर विनोदही व्हायचे. तिला विसाव्यासाठी मात्र एसटी पकडून दुसऱ्याच्या घरी जावं लागायचं. विसाव्याला ‘माहेरपण’ हे नावही त्या दुसऱ्या घराचंच. नवरा आणि मुलं चार दिवस बाहेर पडली आणि ती मागे राहिली, तर ओटा तोच असतो, पण गॅस पेटवायचा की नाही हे ती ठरवते. एकटीने घरी राहण्याची सुट्टी सगळ्यात जास्त कोणाला देणं लागत असू, तर तिला.

तेव्हा ज्यांना जायचं आहे त्यांनी खुशाल जावं; कोकणातल्या खानावळींची आणि लॉजची चूल त्यांच्यावरच पेटते. जाता जाता एवढंच करावं. शेजारी कोणी एकटं मागे राहत असेल, तर ‘मग, कुठे?’ असं न विचारता ‘एक दिवस जेवायला येता का?’ असं विचारावं. ‘हो’ आलं तर ताट वाढावं. ‘नको, मी मजेत आहे’ असं आलं, तर त्यावर विश्वास ठेवावा आणि पुन्हा बेल वाजवू नये.