पपईचा विषाणू कोणी पाहिला?



शहादा भागात पपईच्या पानांवर पिवळट चट्टे आणि फळांवर वर्तुळे दिसू लागली, की पहिला प्रश्न येतो, "साहेब, फवारणी कोणती घेऊ?" विषाणूवर औषध नाही म्हटले, की दुसरा येतो, "तो विषाणू कोणी पाहिलाय का?" प्रश्न रास्त आहे.

पाहिला आहे. तो बारीक धाग्यासारखा असतो. लांबी सुमारे 780 नॅनोमीटर. म्हणजे एका मिलिमीटरात टोकाला टोक लावून सुमारे 1,300 धागे बसतील. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाचे हे काम नाही. येथे उजेडाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत लागतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने 2020 साली कोरोनाच्या विषाणूचे चित्र याच यंत्राने टिपले.

अडचण आहे पाण्याची. यंत्राच्या नळीतली हवा काढून टाकावी लागते, आणि निर्वातात गार पाणीही उकळून उडून जाते. पान तर बहुतेक पाणीच! म्हणून पूर्वीपासून नमुना आधी वाळवून घेत. पण नंदुरबारच्या पथारीवरची सुकलेली मिरची पाहून ओल्या मिरचीचा घाट कसा कळणार?

मग गोठवावे? तर बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात. डाब-मोलगीकडे दव गोठते तेव्हा कोवळ्या पानांचे काय होते ते तिकडच्या मंडळींना ठाऊक आहे. स्वित्झर्लंडच्या जाक दुबोशे यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला यावर तोड काढली. पाण्याला स्फटिक बांधायला सवडच द्यायची नाही. गुरांच्या दवाखान्यात रेतनाच्या कांड्या ठेवतात तोच उणे 196 अंशांचा नायट्रोजन; पण त्यात नमुना थेट बुडवला तर भोवती वाफेचे कवच धरते. म्हणून त्या नायट्रोजनने इथेन वायू थंड करून त्याचा द्रव करायचा आणि नमुन्याचा पातळ थर त्यात झटक्यात बुडवायचा. पाणी काचेसारखे थिजते, विषाणू ओला होता तसाच दिसतो. या कामात दुबोशे यांना 2017 चे नोबेल दोघांबरोबर विभागून मिळाले. पानाचा जाड तुकडा मात्र असा थिजत नाही; त्याला प्रचंड दाबाखाली गोठवावे लागते.

आता फवारणीचे. विषाणू पेशीच्या आत असतो, बुरशीनाशकाने त्याचे काही बिघडत नाही. मावा रोगट झाडावर सोंड टोचून काही क्षणांत निरोगी झाडाला लागण करतो. म्हणून कीटकनाशकही बहुधा उशिराच पडते. तेव्हा जाळीखाली वाढवलेली रोपे घ्या, लागवडीआधीच बागेभोवती मक्याच्या दोन-तीन ओळी पेरा, शेजारी काकडी-भोपळा टाळा, आणि रोगट झाड दिसले की त्याच दिवशी उपटून पुरून टाका.