खरवडणीची धार

आमच्या पेढीवरील सागवानी मेज आजोबांच्या वेळचे. त्याच्या फळीला गेलेली भेग मी इपॉक्सीने बुजवली. ते कडक झाल्यावर वर राहिलेला उंचवटा पॉलिश पेपरने घासू लागलो, तर उंचवटा तसाच राही आणि भोवतालचे मऊ लाकूड मात्र झिजे. शिवाय पुरते न मुरलेल्या इपॉक्सीची धूळ त्वचेस बाधते. अशा कामी हाताचे स्क्रेपरच बरे. काही इपॉक्सींवर मेणचट थर येतो. तो आधी पाण्याने धुऊन काढावा.

कार्बाइडचे पाते महाग, पण त्याची धार पोलादी पात्याहून कितीतरी अधिक टिकते. काम मोठे असेल तर तेच घ्यावे. एका मेजासाठी मात्र मी पोलादीच पसंत करीन. कारण त्याला घरच्या कानशीने धार लावता येते, कार्बाइडला हिऱ्याची पट्टी लागते.

पाते घट्ट आवळून, मूळ उतार न बदलता, बारीक दातांची कानस पुढे जाताना दाबावी, परतताना उचलावी. दोन्ही कोपरे किंचित गोल करावेत. पाते आपल्याकडे ओढताना पातळ वळ्या निघाल्या, तर धार आहे. पीठ पडू लागले की पुन्हा कानस घ्यावी.

कोपरे गोल करण्याचे मला उशिरा सुचले. तोवर एक ओरखडा उमटला होता, आजोबा रोजमेळ उघडीत नेमक्या त्या जागी.