सफरचे सामान : हज-उमऱ्यासाठी बॅग घेताना



हजच्या सोडतीत नाव लागले, की घरात आनंदाबरोबर याद्या सुरू होतात. पैसे भरण्याची तारीख, पासपोर्ट, लसीकरण, तरबियतीचे वर्ग. या सगळ्या धांदलीत बॅगेचा विचार शेवटच्या आठवड्यात होतो. कोणीतरी नवी पेठेत जाते, मोठी, चकचकीत आणि स्वस्त दिसेल ती बॅग उचलून आणते, आणि तिच्यावर नायलॉनची दोरी आवळून ‘आता झाले पक्के’ म्हणते. आपल्या सोलापुरात हजला जाणाऱ्या कित्येकांनी विड्या वळून, माग चालवून, रोजचे चार पैसे बाजूला टाकून ही रक्कम उभी केलेली असते. बहुतेक जण साठीच्या पुढचे असतात. त्यांच्या हातातली बॅग परक्या विमानतळावर फाटली, तर त्यांनी कोणाकडे पाहायचे? म्हणून या महिन्यात ‘बॅग’ हाच विषय घेतला आहे.

सामानाची तयारी करणे म्हणजे दुनियादारी, असे काहींना वाटते. पण सूरह बकरामध्ये (आयत १९७) हजच्या हुकुमांबरोबरच शिदोरी सोबत घेण्याचा हुकूम आहे, आणि सर्वांत उत्तम शिदोरी तकवा असल्याचेही तिथेच सांगितले आहे. या आयतीची पार्श्वभूमी हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडून सहीह बुखारीत आली आहे. यमनहून येणारे काही लोक आम्ही तवक्कुल करणारे आहोत असे म्हणत रिकाम्या हाताने निघत आणि मक्केत पोहोचल्यावर लोकांपुढे हात पसरत. म्हणजे आपला भार दुसऱ्यावर पडू नये, एवढी तयारी हा सफरचाच भाग आहे.

पूर्वी मुंबईहून जहाजाने हजला जात. त्या काळी पत्र्याची पेटी, होल्डॉल, भांडी आणि धान्यसुद्धा बरोबर असे. जहाजाचा तो प्रवास १९९५ नंतर बंद झाला. आता सगळे विमानाने जातात, आणि विमानात किलोचा हिशेब चालतो. हज कमिटीकडून जाणाऱ्यांनी बॅगेची संख्या, माप आणि वजन त्या वर्षीच्या परिपत्रकातच पाहावे. कमिटीने ठरावीक बॅग सांगितली किंवा दिली असेल, तर तीच न्यावी. खाली लिहिलेले हातातल्या बॅगेला, उमऱ्याच्या सफरला आणि एरवीच्या प्रवासाला उपयोगी पडेल.

डफल की चाकांची पेटी?

कापडी, लांबट, वरून चेन उघडणाऱ्या बॅगेला डफल बॅग म्हणतात. बेल्जियममध्ये डफल नावाचे गाव आहे. तिथल्या जाड लोकरी कापडावरून हे नाव पडले. आपल्या सोलापूरची चादर जशी गावाच्या नावाने ओळखली जाते, तसेच हे.

डफलचा मोठा फायदा तिच्या हलकेपणात आहे. चाकांची कडक पेटी रिकामीच साडेतीन ते पाच किलोची असते, तर साधी डफल एक-दीड किलोत येते. तेवीस किलोची मर्यादा असेल तर हे दोन-तीन किलो फार मोलाचे. रेल्वेच्या बर्थखाली, जीपच्या मागे, हॉटेलच्या खोलीत पलंगाखाली ती दबून बसते. पण ज्यांच्या गुडघ्यात किंवा कमरेत दुखणे आहे त्यांना विमानतळावर चाके हवीतच. त्यांनी चाकांची डफल घ्यावी. तिचे वजन साधारण तीन किलो भरते.

आकाराकडे मात्र नीट लक्ष द्या. जेद्दा विमानतळाने सामानाबाबत कडक नियम केलेले आहेत. बॅगेची निदान एक बाजू सपाट हवी. गोल किंवा वेडीवाकडी गाठोडी, दोरीने बांधलेले सामान, लांब पट्टे लोंबणाऱ्या बॅगा घेत नाहीत, कारण सामान वाहणाऱ्या यंत्रात त्या अडकतात. म्हणून जिमला नेतात तसली गोल नळकांड्यासारखी डफल हजसाठी घेऊ नका. सपाट तळाची, चौकोनी घ्या. खांद्याचा पट्टा निघणारा असावा, आणि बॅग सोपवण्यापूर्वी तो काढून आत ठेवावा. आणि ती दोरी घरीच राहू द्या. जी बॅग दोरीशिवाय टिकत नाही, ती नेण्यासारखीच नाही.

माप काढणे सोपे आहे. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करा आणि हजाराने भागा, की लिटर मिळतात. ६० × ३५ × ३० सेंटिमीटरची बॅग ६३ लिटरची झाली. एका माणसाला एवढी पुरते. तिन्ही मापांची बेरीज बहुतेक विमान कंपन्या १५८ सेंटिमीटरपर्यंत चालवून घेतात, इथे ती १२५ च होते. शंभर लिटरची बॅग घेतली की ती भरली जातेच, आणि मग अम्मीला ती जागची हलवता येत नाही.

कापड, चेन, शिवण

कापडाची पारख सोलापूरकरांना काय शिकवायची! बॅगेच्या चिठ्ठीवर ‘६०० डी’ असे लिहिलेले असते. डी म्हणजे डेनिअर. नऊ हजार मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितका त्याचा डेनिअर. ६०० डेनिअरचे पॉलिस्टर नेहमीच्या प्रवासाला चालते. सामान आपटणार, घासणार असेल तर १००० डेनिअरच्या आसपासचे नायलॉन अधिक टिकते. नायलॉन घासण्याला चिवट, तर पॉलिस्टर उन्हाला जास्त सोसते. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. कापड उजेडासमोर धरा. ताणा-बाणा विरळ दिसला, नखाने धागे सरकले, तर आकडा काहीही असो, कापड कच्चे आहे.

आतल्या बाजूला प्लास्टिकसारखा लेप असतो. तो पाणी अडवतो, पण चेनमधून आणि शिवणीतून पाणी शिरतेच. म्हणून कपडे आधी प्लास्टिकच्या पिशवीत घालून मग बॅगेत भरावेत. दमट आणि गरम जागी हा लेप चिकट होऊन सोलपटतो. पत्र्याच्या घरात माळ्यावर कोंबलेली बॅग चार-पाच उन्हाळ्यांत याच कारणाने खराब होते.

चांगल्या कापडाची बॅगसुद्धा बहुधा चेनपाशी हार खाते. चेनच्या रनरच्या मागे पाहा, ५, ८ किंवा १० असा आकडा कोरलेला असतो. तो साधारणपणे मिटलेल्या दातांची मिलिमीटरमधली रुंदी सांगतो. मोठ्या बॅगेला ८ किंवा १० ची चेन हवी. दुकानातच दहा वेळा उघडा-मिटा, विशेषतः कोपऱ्यावर. दोन रनर असतील तर छोटे कुलूप लावता येते. पण कुलपाच्या भरवशावर पैसे किंवा दागिने मोठ्या बॅगेत ठेवू नका. कुलूप न तोडताही साध्या पेनाच्या टोकाने काही चेन फाकवता येतात.

मग शिवण. धरायचे पट्टे नुसते वर टाचलेले नसावेत, ते बॅगेच्या तळाखालून फिरून आलेले असावेत. पट्टा जिथे शिवला आहे तिथे चौकोन आणि त्यात फुली असे टाके दिसले पाहिजेत. बॅग उलटी करून आतल्या कडा बघा. त्यांवर पट्टी शिवलेली असेल तर धागे उसवत नाहीत.

घरी आणल्यावर एक परीक्षा घ्या. पावती जपून ठेवा, बॅगेत पंधरा-वीस किलो ज्वारी पिशवीसकट घाला आणि दोन्ही पट्टे धरून उचला. जिन्यावरून एकदा खाली-वर करा. टाके ताणले गेले तर लगेच बदलून घ्या. आणि ज्यांना ती बॅग न्यायची आहे, त्यांनाच ती उचलायला सांगा. मुलाने उचलून ‘हलकी आहे’ म्हणणे काही कामाचे नाही.

मोठ्या बॅगेपेक्षा छोटी महत्त्वाची

मोठी बॅग मुक्कामावर राहते. हजचे मुख्य दिवस, ८ ते १२ किंवा १३ जिल्हिज्जा, मिना, अराफात आणि मुजदलिफ्यात छोट्या पाठपिशवीवर काढायचे असतात. एक जादा कपड्याचा जोड, पातळ चटई, पाण्याची बाटली, छत्री, ओआरएसची पाकिटे, रोजची औषधे आणि खड्यांसाठी छोटी थैली. खडे सत्तर लागतात, तेराव्या तारखेपूर्वी निघणाऱ्याला एकोणपन्नास. पिशवी पाठीवर दोन्ही खांद्यांना बसणारी असावी आणि भरून चार-पाच किलोच्या वर जाऊ नये.

ही सूचना हलक्यात घेऊ नका. २०२४ च्या हजमध्ये मक्केत मस्जिदे-हरामजवळ तापमान ५१.८ अंशांवर गेले होते, आणि सौदी सरकारने १,३०१ यात्रेकरूंच्या मृत्यूची माहिती दिली. त्यांत बहुतेक जण परवान्याविना आलेले होते आणि सावलीशिवाय लांब चालले होते. सोलापूरचे ऊन सोसलेल्यांनाही तिथे पाठीवरचा एकेक किलो जाणवतो. पाण्याची बाटली कमी करू नका, कपडे कमी करा.

विमानात जवळ ठेवायच्या बॅगेत पासपोर्ट, पैसे, चष्मा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह मूळ पाकिटातली औषधे आणि मोबाइलची पॉवर बँक ठेवा. पॉवर बँक मोठ्या बॅगेत चालत नाही. थेट मक्केला जाणाऱ्या पुरुषांनी एहरामही याच बॅगेत घ्यावा, किंवा घरून अथवा मुंबईहूनच बांधून निघावे. आपला मीकात यलमलम जेद्दाला उतरण्याआधी आकाशातच येतो, आणि तेव्हा मोठी बॅग विमानाच्या पोटात असते. टेरी टॉवेलचा एहराम घाम चांगला शोषतो, पण ओला झाला की जड होतो आणि उशिरा वाळतो. म्हणून दुसरा जोड पातळ सुती असावा.

खाण्याचे म्हणाल तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी यांसारखी टिकाऊ शिदोरी दुसरी नाही. चटणी घट्ट झाकणाच्या डब्यात, वर आणखी पिशवी. मात्र खसखस अजिबात नको, मसाल्यात कुटलेलीसुद्धा. सौदी अरेबियात ती अमली पदार्थात धरतात. घरचा काळा मसाला देताना त्यात काय पडले आहे हे आधी विचारा. गुटखा, तंबाखूही घरीच ठेवा.

खूण आणि परतीचा भार

शेकडो बॅगा एकसारख्या दिसतात. बॅगेवर नाव, कव्हर नंबर आणि घरचा मोबाइल नंबर इंग्रजीत ठळक लिहा, तसाच एक कागद आतही ठेवा. धरायच्या पट्ट्याभोवती जुन्या सोलापुरी चादरीची रंगीत पट्टी घट्ट शिवून टाका, लोंबती ठेवू नका. ज्यांना वाचता येत नाही त्या नानींनाही आपली बॅग लांबून ओळखू येईल.

परत येताना खजूर, तस्बी, जानमाज यांनी बॅग फुगते. जमजम मोठ्या बॅगेत घालायला मनाई असते, त्याचा कॅन वेगळा मिळतो. खरा भार असतो तो आपल्या अपेक्षांचा. फुफ्फीसाठी अत्तर, शेजारणीसाठी अबाया, भाच्यासाठी घड्याळ अशी यादी आपणच हातात ठेवतो आणि सत्तरीच्या माणसाला बाजारात फिरवतो. हाजींकडे दुआ मागा, वस्तू मागू नका. मूठभर खजूर आणि घोटभर जमजम सगळ्यांना पुरते.

बॅग घरात किती वर्षे?

चारशे रुपयांची बॅग एका सफरीत गेली आणि दोन हजारांची दहा सफरी टिकली, तर स्वस्त कोणती हे वेगळे सांगायला नको. चांगली डफल हजनंतर मुलाच्या वसतिगृहाला, नळदुर्गच्या सहलीला, गावच्या लग्नाला चालते. परतल्यावर ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा, चेनच्या दातांवर मेणबत्ती फिरवा आणि आत जुने वर्तमानपत्र घालून कोरड्या जागी ठेवा. रनर बिघडला तर बॅग टाकू नका. बॅग दुरुस्त करणारा थोडक्या पैशांत तो बदलून देतो.

शेवटी एक सूचना. हजची सफर बहुतेकांच्या आयुष्यात एकदाच होते, आणि नंतर बॅग माळ्यावर पडून राहते. मोहल्ल्यातल्या पाच-सहा घरांनी आपल्या धड बॅगा मशिदीत किंवा एखाद्या विश्वासू घरी जमा केल्या, तर पुढच्या वर्षी जाणाऱ्या गरजूला त्या वापरायला देता येतील. घेणाऱ्याने अमानत समजून वापराव्यात, स्वच्छ करून परत द्याव्यात. यंदाचे हाजी परतले की या गोष्टीची सुरुवात करता येईल. तुमच्या मोहल्ल्यात कोणी केली, तर आम्हाला जरूर कळवा.