विजेच्या पेटीवर धोक्याची पाटी हवी काय?

विहिरीवर विजेचा पंप आणि घरात विजेची पेटी ही आता खेडोपाडी नित्याची गोष्ट झाली आहे. या पेट्यांवर धोक्याची पाटी लावावी असा आग्रह धरला, की पुष्कळ शेतकरी हसतात. वीज जीव घेते हे पोरासोरांसही ठाऊक आहे; मग ते पत्र्यावर लिहून कोणाचे भले व्हावयाचे, असा त्यांचा सवाल असतो. हा सवाल अगदीच वावगा नाही.

कायद्याने येथे एक मर्यादा आखलेली आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी २५० व्होल्टपेक्षा अधिक दाबाच्या मांडणीवर कवटी व हाडांचे चित्र असलेली सूचना लावणे बंधनकारक केले. ही सूचना हिंदी किंवा इंग्रजीबरोबरच जिल्ह्याच्या भाषेतही असली पाहिजे, असे त्यांत सांगितले होते. २०१० च्या विनियमांतही हीच तरतूद राहिली. म्हणजे तीन फेजवर चालणारा शेतीपंप या मर्यादेत येतो, तर एका फेजवरील सुमारे २३० व्होल्टची घरगुती पेटी तिच्या बाहेर राहते. परंतु जीव जाण्यास २३० व्होल्टही पुरेसे आहेत. तेव्हा कायदा काय सांगतो एवढ्यावरच हा प्रश्न सुटत नाही.

वास्तविक नुसता ‘धोका’ हा शब्द फार काळ काम देत नाही. रोज दिसणारे चित्र डोळ्यांच्या सवयीचे होते, आणि मग ते असून नसल्यासारखेच ठरते. पाटीचे खरे काम जे दिसत नाही ते सांगण्याचे आहे. स्टार्टरला ऑटोस्विच जोडलेला असेल, तर वीज येताच मोटार आपोआप सुरू होते. वीज नाही असे समजून पट्टा अगर जोडणी हाताळणाऱ्यास हे पेटीकडे पाहून कळत नाही. स्विच बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये वीज काही काळ साठून राहते. सौर पंपाचा स्विच बंद असला तरी उन्हात असलेल्या पॅनेलच्या तारांत वीज असतेच. घरात इन्व्हर्टर असेल, तर मुख्य स्विच पाडल्यानेही काही तारा जिवंत राहतात. अशा ठिकाणी नेमकी गोष्ट सांगणारी एक ठळक ओळ कवटीच्या चित्राहून अधिक मोलाची आहे.

पेटीच्या मालकास हे ठाऊक असते, हे खरे. तथापि रात्रीच्या पाळीचे पाणी द्यावयास नेहमी मालकच जातो असे नाही. कधी सालगडी जातो, कधी शाळकरी मुलगा, कधी शेजारी. मालकास ठाऊक असलेली गोष्ट त्यांस ठाऊक असतेच असे नाही. पाटी लावावयाची ती या परक्या हातासाठी.

मात्र पाटी ही दुरुस्तीची जागा घेऊ शकत नाही. एका अँपिअरच्या दहाव्या भागाइतका प्रवाह छातीतून एखाददुसरा सेकंद गेला, तरी हृदयाची लय बिघडून माणूस दगावू शकतो. पाच अश्वशक्तीची मोटार चालताना सुमारे सात अँपिअर घेते. तेव्हा तिचा फ्यूज माणसास बसलेल्या धक्क्याने वितळत नाही. त्यातून फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळली, तर तो तारेसही वाचवीत नाही. जीव वाचतो तो चांगल्या अर्थिंगने, आणि ३० मिलिअँपिअर गळती होताच वीज तोडणाऱ्या उपकरणाने. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला, की त्याचा उपयोग कमी होतो. म्हणून त्यात पाणी घालीत राहिले पाहिजे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पाटीचा आग्रह अवश्य धरावा. पण पाट्या किती लागल्या एवढेच मोजून समाधान मानू नये. गंजलेल्या, उघड्या पेटीवर नवी पाटी ठोकणे म्हणजे कागदोपत्री काम पुरे करून माणसास मात्र तसेच सोडून देणे होय. आधी झाकण, अर्थिंग व योग्य फ्यूज यांची खात्री करावी, आणि मग त्या पेटीत डोळ्यांस न दिसणारा जो धोका असेल तो सोप्या मराठीत दोन ओळींत रंगवून घ्यावा. त्यास डबाभर रंग आणि अर्धा तास यांपलीकडे खर्च नाही. पावसाळा सुरू होण्यापूर्वी प्रत्येक शेतकरी बंधूने एवढे काम उरकून घ्यावे.