फुकट घरांचा न मांडलेला हिशेब

महाराष्ट्र सरकारने मे २०२५ मध्ये नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. यापूर्वीचे धोरण २००७ सालचे. म्हणजे या प्रश्नाचा समग्र विचार करण्यास सरकारला अठरा वर्षे लागली. २०३० पर्यंत ३५ लाख घरे आणि त्यासाठी ७० हजार कोटी रुपयांची गुंतवणूक, असे उद्दिष्ट जाहीर झाले आहे. आकडे भव्य आहेत. परंतु साधा भागाकार केला, तर एका घराच्या वाट्याला दोन लाख रुपये येतात. एवढ्या रकमेत तालुक्याच्या गावीही धड दोन खोल्या उभ्या राहत नाहीत. मुंबई-पुण्याची गोष्टच नको. मग उरलेला पैसा कोठून येणार? राज्यकर्त्यांचे याला ठरलेले उत्तर आहे: खासगी विकासकांकडून. विकासक तो कोठून आणणार? वाढीव चटईक्षेत्रातून. मुंबईत गेली तीस वर्षे हेच उत्तर दिले जात आहे. ते कितपत खरे ठरले, हे पाहिल्याखेरीज नव्या उद्दिष्टांचे मोल कळणार नाही.

गरिबांच्या घरांसाठी सरकारने पैसा खर्च करावा, ही कल्पना मुंबईला नवी नाही. १८९६ च्या प्लेगने शहर हादरले, तेव्हा १८९८ मध्ये सुधार ट्रस्टची स्थापना झाली. पुढे १९२० मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत विकास खाते निघाले आणि पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडण्यात आला. त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवला गेला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून सोळा हजारांच्या आसपास खोल्या झाल्या. याच त्या बीडीडी चाळी. खोली एकशे साठ चौरस फुटांची; नळ आणि शौचकूप सामाईक. घरांची एवढी टंचाई असूनही यांतील बऱ्याच खोल्या प्रारंभी रिकाम्या पडल्या होत्या. भाडे परवडत नव्हते, गिरणी दूर पडत होती आणि राहणाऱ्याला लागणाऱ्या सोयी तेथे पुरेशा नव्हत्या. सरकारने भिंती बांधल्या, वस्ती वसवली नाही.

त्याच सुमारास व्हिएन्ना शहरात वेगळा प्रयोग चालला होता. तेथील नगरपालिकेने १९२३ मध्ये घरांवर चढत्या दराने कर बसवला. मोठ्या हवेलीला मोठा कर, कामगाराच्या खोलीला नाममात्र. त्या उत्पन्नातून १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे बांधली गेली. पण घरांबरोबर धुलाईघरे, स्नानगृहे, बालकमंदिरे, दवाखाने आणि वाचनालयेही उभी राहिली. इमारतींच्या मधोमध प्रशस्त अंगणे सोडली गेली. आज शंभर वर्षांनंतरही ती घरे नगरपालिकेच्या मालकीची आहेत व भाडेकरूंनी भरलेली आहेत. दोन्ही ठिकाणी पैसा कराचाच होता. फरक इतकाच की, व्हिएन्नाने घर आणि नागरी सेवा हा एकच खर्च मानला. मुंबईने ते दोन वेगळे खर्च मानले आणि दुसरा बहुधा विसरून टाकला.

स्वातंत्र्यानंतर चित्र काहीसे बदलले. १९४९ मध्ये गृहनिर्माण मंडळ आले, १९५२ मध्ये औद्योगिक कामगारांसाठी केंद्राची अनुदानित योजना सुरू झाली. भाडेनियंत्रणामुळे मोडकळीस आलेल्या इमारतींसाठी १९६९ च्या कायद्याने उपकर बसवून दुरुस्ती मंडळ नेमले गेले आणि १९७७ मध्ये म्हाडा अस्तित्वात आली. यांपैकी कोणतीही योजना गरजेला पुरी पडली नाही. तरीही त्यांचा एक गुण मान्य केला पाहिजे. खर्च अंदाजपत्रकात दिसत होता. किती रुपये दिले, किती गाळे झाले, हे विधिमंडळात विचारता येत होते. १९८५ नंतर जागतिक बँकेच्या कर्जातून चारकोप, गोराई आदी ठिकाणी लहान भूखंड आखून तेथे आधी रस्ते, पाणी व मलनिःसारण वाहिन्या देण्यात आल्या. शाळा-मैदानांच्या जागा राखल्या गेल्या आणि घर कुटुंबाने आपल्या ऐपतीप्रमाणे बांधावे, असे ठरले. कसलाही गाजावाजा न झालेली ही योजना आज भरल्या वस्त्यांच्या रूपाने उभी आहे.

१९९५ मध्ये मात्र वाट बदलली. चाळीस लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरे देण्याचे आश्वासन देऊन नवे सरकार सत्तेवर आले आणि त्याच वर्षाअखेर झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले. योजना वरवर अतिशय सोयीची होती. विकासकाने झोपडीवासीयाला फुकट घर बांधून द्यावे, बदल्यात जादा चटईक्षेत्र घेऊन उरलेल्या जागेत विक्रीच्या इमारती उभाराव्यात. सरकारला दमडीही पडत नाही, झोपडीवासीयाला दमडीही पडत नाही. आठ लाख घरांचे हे स्वप्न पाच वर्षांत पुरे व्हायचे होते. तीस वर्षांनंतर त्याच्या निम्मीही घरे झालेली नाहीत. कारण उघड आहे. जेथे विक्रीच्या घराला भाव येतो तेथेच विकासक जातो. जेथे गरज अधिक पण भाव कमी, तेथे तो फिरकत नाही. सार्वजनिक गरजेचा क्रम बाजाराने ठरवायचा, असाच याचा अर्थ झाला.

या योजनेने काहीच दिले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. उद्या बुलडोझर येईल, या भीतीत पिढ्या काढलेल्या कुटुंबांना कायद्याचे छप्पर मिळाले. सार्वजनिक शौचालयाच्या रांगेतून स्त्रियांची सुटका झाली. ही लहान गोष्ट नव्हे. परंतु जे फुकट वाटले त्याची किंमत अन्यत्र द्यावी लागली आणि ती देणारे बहुतांशी तेच लोक होते.

चटईक्षेत्र म्हणजे हवेतून निघणारा पैसा नव्हे. ते एका ठिकाणच्या जमिनीवर, नळावर, गटारावर आणि रस्त्यावर टाकलेले ओझे आहे. पुनर्वसनाच्या नियमांत हेक्टरी पाचशे आणि पुढे साडेसहाशे घरांची किमान घनता धरली गेली. एका घरात पाच माणसे धरली, तर एका हेक्टरवर सव्वातीन हजार माणसे येतात. शेजारच्या इमारतींमधील अंतर कित्येक ठिकाणी अवघे तीन मीटर. मानखुर्द-गोवंडी परिसरातील लल्लूभाई कंपाऊंड व नटवर पारेख कंपाऊंड या पुनर्वसन वसाहतींची पाहणी डॉक्टरांच्या एका संस्थेने केली व ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. ऊन-वारा न पोचणाऱ्या या इमारतींत क्षयाचे प्रमाण, मोकळी जागा अधिक असलेल्या जवळच्या वसाहतीपेक्षा कितीतरी जास्त आढळले. घराचे पैसे वाचले. ते क्षयाच्या औषधात गेले.

देखभालीची तरतूदही अशीच. विकासकाने घरामागे वीस हजार रुपये ठेव म्हणून भरावेत, असा मूळ नियम होता. आठ टक्के व्याज धरले, तर महिन्याकाठी सुमारे १३३ रुपये होतात. त्यात लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यावरचे दिवे आणि सफाई कशी भागावी? लिफ्ट बंद पडली की वरच्या मजल्यावरचा वृद्ध घरात कोंडला जातो. मूळ नियमात शंभर घरांमागे बालवाडीची एक खोली होती. त्या खोलीत शिकवणाऱ्या बाईंचे वेतन कोणी द्यायचे, याचा उल्लेख नव्हता. माहुलचे उदाहरण तर याहून बोलके आहे. तेथे हजारो सदनिका बांधून तयार होत्या आणि तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्यांतील कुटुंबे तेथे धाडण्यात आली. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने. २०१५ मध्ये हरित न्यायाधिकरणाने तेथील हवेबद्दल गंभीर निष्कर्ष काढले आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने या कुटुंबांना अन्यत्र राहण्यासाठी दरमहा पंधरा हजार रुपये भाडे देण्याचा आदेश दिला. घर फुकट द्यायचे आणि तेथून निघण्यासाठी पुन्हा भाडे द्यायचे, अशी ही काटकसर.

या सेवा पुरवायच्या महापालिकेची स्थिती काय आहे? ७४ व्या घटनादुरुस्तीने झोपडपट्टी सुधारणा, पाणीपुरवठा, आरोग्य ही नागरी संस्थांची कामे मानली. पण २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्याने मुंबईची जकात गेली व भरपाईसाठी राज्याकडे पाहण्याची वेळ आली. २०२२ मध्ये पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला. कर गेले, तसतसा इमारतींच्या परवानगीतून व चटईक्षेत्राच्या अधिमूल्यातून मिळणाऱ्या पैशावर पालिकेचा भार वाढला. दाटीला लगाम घालायचे काम जिचे, तिलाच दाटीतून उत्पन्न मिळू लागले. याच काळात, मार्च २०२२ नंतर, कित्येक वर्षे मुंबईत निवडून आलेला नगरसेवक नव्हता. नळाला पाणी का येत नाही, हे कोणाला विचारावे, हाही प्रश्नच होता.

यावर सरकारकडे पैसा नाही, असे ठरीव उत्तर मिळेल. पण चटईक्षेत्र हाही सार्वजनिक पैसाच आहे. तो तिजोरीतून जात नाही, म्हणून त्याचा हिशेब विधिमंडळापुढे येत नाही, एवढेच. तो हिशेब मांडला जावा, ही पहिली मागणी असली पाहिजे. प्रत्येक प्रकल्पात किती चटईक्षेत्र दिले, त्याचे मूल्य किती आणि बदल्यात कोणत्या सेवा मिळाल्या, हे अंदाजपत्रकाबरोबर प्रसिद्ध व्हावे. दुसरे, घराच्या मंजुरीबरोबरच पुढील वीस-पंचवीस वर्षांच्या पाणी, सफाई, दवाखाना व शाळेच्या खर्चाची तरतूद दाखवणे बंधनकारक असावे. तिसरे, महापालिकेच्या मालकीची भाड्याची घरे पुन्हा बांधली जावीत. नोकरीसाठी शहरात येणाऱ्या तरुण कारकुनाला वा शिक्षकाला पहिल्या दिवशी मालकीचे घर नव्हे, परवडणारी खोली हवी असते.

पस्तीस लाख घरे होतील की नाही, हे काळ सांगेल. पण ती मोजताना केवळ चाव्यांची संख्या मोजली, तर शंभर वर्षांपूर्वीच्या रिकाम्या खोल्यांपासून आपण काहीच शिकलो नाही, असे होईल. ज्या घरात पाणी चढते, उजेड येतो आणि जेथून मूल पायी शाळेत जाऊ शकते, तेच घर सरकारने आपल्या खात्यावर जमा धरावे.